कवठाळीशी केलेला तह

धामणदरीच्या पाणी उपसायच्या सात मोटारी कवठाळीच्या लोकांनी तलावातून ओढून नेल्या, त्या सकाळी स्नेहा अमेरिकेच्या पहिल्या तीन राष्ट्राध्यक्षांच्या परराष्ट्र धोरणावर अडीचशे शब्दांचं उत्तर लिहीत बसली होती. भौतिकशास्त्राची पदवी घेऊन तिला दोन वर्षं झाली होती. स्पर्धा परीक्षेसाठी रोज एक उत्तर लिहायचं आणि ते वडिलांना, देवमनला, वाचून दाखवायचं, असा तिचा नेम होता. देवमन दहावीपर्यंत शिकलेला. त्याला जे वाक्य कळलं नाही ते आपण नीट लिहिलं नाही, असं ती सरळ धरून चालायची आणि ते वाक्य खोडायची.

त्या दिवशी वाचून दाखवणं राहिलं. देवमन गावचा सरपंच होता, आणि तासाभरात त्याच्या अंगणात साठ-सत्तर माणसं जमली.

तलाव दोन गावांच्या शिवेवर आहे. भिंत कवठाळीच्या शिवारात, पाणी पसरतं ते बरंचसं धामणदरीच्या बाजूला. पाणी कोणाचं, हे कागदावर कुठंच धड लिहिलेलं नाही, आणि चांगल्या पावसाच्या वर्षी ते विचारायची कोणाला गरजही पडत नाही. त्या वर्षी तलाव निम्माच भरला होता. धामणदरीच्या मोटारी वीज असेल तितका वेळ चालतात, ही कवठाळीची तक्रार होती, आणि ती खरी होती. एका मोटारीचा उपसा आणि विजेचे तास यांचा गुणाकार स्नेहाने करून पाहिला होता. पण मोटारी अडवायला गेलेल्या अमरदीपचं डावं मनगट त्या ओढाताणीत मोडलं, आणि त्यानंतर गुणाकार ऐकून घ्यायला कोणी तयार नव्हतं. अमरदीप हा स्नेहाच्या मावशीचा मुलगा. मावशी गेल्यापासून तो दुर्गाबाईने, म्हणजे स्नेहाच्या आईनेच वाढवला होता. इकडच्या पोरांनी कवठाळीच्या दोन स्टार्टरच्या पेट्या फोडल्या. ठाण्यात दोन्ही गावांच्या तक्रारी गेल्या. कवठाळीच्या तक्रारीत पहिलं नाव अमरदीपचं होतं.

देवमनने बोलणी करायला दोन माणसं पाठवली, उपसरपंच उकंडराव आणि सदस्य हरीओम. कवठाळीच्या पंचायतीबाहेर त्यांना दोन तास बाकावर बसवून ठेवलं. पाणी दिलं, चहा विचारला नाही. मग आतून निरोप आला की आधी चुकलो म्हणून लिहून द्या, मग बोलू. उकंडरावाने परत येऊन हे सगळं अंगणात सांगितलं. पुढचे चार दिवस गावात मोटारींपेक्षा त्या न मिळालेल्या चहाचीच चर्चा जास्त झाली.

पंचायतीत ठराव झाला. कवठाळीत कोणी पाय ठेवायचा नाही. तिथल्या संकलन केंद्रावर दूध घालायचं नाही, गिरणीवर दळण न्यायचं नाही, त्यांच्या वावरात तूर सोंगायला, म्हणजे कापायला, जायचं नाही. सगळ्यांनी हात वर केले. देवमननेही केला.

कवठाळीने तिसऱ्या एका गावाहून दूध आणायला सुरुवात केली. धामणदरीचं दूध जीपमधून रिसोडला जाऊ लागलं आणि दोनदा वाटेतच फाटलं. घरोघरी चुलीवर खवा आटू लागला, पण गावात खवा घेणार कोण? कवठाळीच्या शेतांवर कामाला जाणाऱ्या बाया ओट्यावर बसून राहिल्या. पाण्याला जाताना त्या सरपंचाच्या घराकडे बघत नव्हत्या.

ठरावानंतर अकराव्या दिवशी सकाळी देवमन अंगणात तुरीच्या हिरव्या शेंगांचे सोले काढत बसला होता. त्याने स्नेहाला हाक मारली आणि राहिलेलं उत्तर वाचायला सांगितलं.

तिने वाचलं. पहिले राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन. इंग्लंड आणि फ्रान्स लढत असताना त्यांनी कोणाच्याच बाजूने न जाण्याचं जाहीर केलं, तेही ज्या फ्रान्सने स्वातंत्र्याच्या लढाईत मदत केली त्याच्याशी करार असताना. देश नवा होता, आरमार नव्हतं, व्यापारावर पोट होतं. व्यापार सगळ्यांशी ठेवा, कायमची गट्टी कोणाशीच नको, असं सांगून ते पायउतार झाले. दुसरे ॲडम्स. फ्रान्सने त्यांच्या वकिलांचा, म्हणजे बोलणी करायला पाठवलेल्या दूतांचा, अपमान केला, बोलणीआधी लाच मागितली, देश लढाईला उठला. समुद्रावर दोन वर्षं चकमकी झाल्या, पण ॲडम्सनी शेवटी तह केला. तिसरे जेफरसन. इंग्लंड-फ्रान्स अमेरिकेची जहाजं धरू लागले तेव्हा त्यांना धडा शिकवायला यांनी आपल्याच जहाजांना परदेशी जायची बंदी केली. धडा आपल्याच बंदरांना मिळाला. माल धक्क्यावर कुजला आणि खलाशी घरी बसले.

"ते बंदी करनाऱ्याले कवा समजलं?" देवमनने विचारलं.

"सव्वा वर्षानं. पद सोडता सोडता उठवली."

"आपल्याले अकरा दिवसातच समजून राह्यलं," देवमन म्हणाला. "पन पह्यले म्हनाव कोनी?"

स्नेहाने त्याला अडवलं. दोन गोष्टी सारख्या दिसतात म्हणून एकीचा निष्कर्ष दुसरीला लागू होत नाही. तिथे समुद्र होता, दोन साम्राज्यं होती. देवमनने मान हलवली. मग शेंग हातात तशीच धरून त्याने आणखी एक विचारलं. त्या देशात तर गुलाम होते. त्यांच्या बाबतीत परराष्ट्र धोरण काय होतं?

तिच्या उत्तरात त्यावर एक अक्षर नव्हतं. दुपारभर तिने वाचलं, आणि दुसऱ्या दिवशी समारोपाच्या तीन ओळी खोडून त्या जागी नव्या लिहून आणल्या. त्याच काळात हैतीच्या बेटावर गुलामांनी उठाव करून स्वतःला मोकळं केलं होतं. ॲडम्सनी त्यांच्याशी व्यापार चालू ठेवला. सगळी माणसं समान आहेत असं ज्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं, त्या जेफरसननी तो बंद केला; त्यांच्या स्वतःच्या मळ्यावर गुलाम होते. हैतीला देश म्हणून मान्यता द्यायला अमेरिकेने जवळपास साठ वर्षं लावली.



"म्हंजे कागदावर समद्याईशी दोस्ती," देवमन म्हणाला, "अन् जो सोता मोकळा झाला त्याची ओयखच नाई. हे खोडू नको, मार्क मियो का नको मियो."

त्यानंतर तिसऱ्या दिवशी तो तहसीलचं काम आहे असं सांगून एसटीने रिसोडला गेला. चार वाजता आला तो कवठाळीच्या बाजूने, आणि त्याच्या खिशात दोन्ही सरपंचांच्या सहीचा कागद होता. सातही मोटारी परत. आठवड्यातले तीन दिवस पाणी धामणदरीचं, चार दिवस कवठाळीचं. दूध, दळण, मजुरी पहिल्यासारखी. चुकलो असं कोणीच कोणाला लिहून द्यायचं नाही. आणि शेवटचं कलम, दोन्ही गावांच्या ठाण्यातल्या तक्रारी आपसात मिटवायच्या.

त्याने सदस्यांना विचारलं नव्हतं, घरी सांगितलं नव्हतं. कवठाळीतल्या भाऊसिंग नावाच्या म्हाताऱ्याच्या घरी तिथल्या सरपंचासोबत बसून त्याने हे सगळं केलं, आणि तिथे चहा घेतला, ही बातमी तो घरी पोहोचायच्या आधी पोहोचली होती.

दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरमधून मोटारी आल्या. ज्यांच्या त्या होत्या त्यांनी त्या गुपचूप उतरवून नेल्या. संध्याकाळपर्यंत गावातल्या प्रत्येक फोनवर अमरदीपच्या प्लास्टर घातलेल्या हाताचा फोटो फिरत होता. खाली लिहिलं होतं, हा हात विसरणार नाही.

उकंडराव दारात येऊन उभा राहिला, आत आला नाही. "आमाले बाकावर बसवलं त्याईनं," तो म्हणाला, "अन् तुमी त्याईच्या घरात बसून आले. आमी गावाचे मानसं होतो का तुमचे नोकर?"

देवमन म्हणाला, "तुमाले इचाराले पायजे होतं. नाई इचारलं. ते चुकलं."

"अन् बाकीचं?"

"बाकीचं नाई चुकलं."

दुर्गाबाईने मात्र उकंडरावासारखं विचारून घेतलं नाही. भाकरी थापता थापता ती पाठमोरीच म्हणाली, "माह्या बहिनीच्या लेकराचं मोडलेलं हाड इकून आले तुमी." त्यानंतर ती नवऱ्याशी कामापुरतंच बोलू लागली. स्नेहालाही आई चूक वाटत नव्हती. पाण्याचा भाग बरोबर होता, त्यात काही वावगं नव्हतं. पण ज्याचा हात मोडला त्याची तक्रार दुसऱ्याने मिटवायची, हे तिला कोणत्याच बाजूने पटत नव्हतं.

नऊपैकी सात सदस्यांनी अविश्वास ठरावावर सह्या केल्या. देवमन थेट लोकांमधून निवडून आलेला असल्यामुळे त्याला काढायचं की ठेवायचं, हे गावानेच ग्रामसभेत गुप्त मतदान करून ठरवायचं होतं. तारीख फेब्रुवारीतली मिळाली.

सभेला चार दिवस उरले असताना स्नेहा अमरदीपला प्लास्टर काढायला वाशिमला घेऊन गेली. येताना बसमध्ये तो खिडकीकडे तोंड करून बसला होता. प्लास्टरमधून निघालेला हात बारीक आणि पांढुरका दिसत होता.

"ताई, मावसाजीनं मले इचारलं होतं," तो अचानक म्हणाला.

कवठाळीला जायच्या आदल्या दिवशी देवमन त्याला शेतात भेटला होता. मिटवायचं का, असं विचारलं होतं, आणि अमरदीप हो म्हणाला होता. पोलीस भरतीचा त्याचा फॉर्म भरलेला होता. अंगावर केस असली तर चारित्र्य पडताळणीत तो बाहेर पडणार होता, आणि कवठाळीच्या तक्रारीत पहिलं नाव त्याचंच होतं. पण त्याआधी पोरांनी त्याचा व्हिडिओ काढला होता. त्यात तो प्लास्टरचा हात वर करून, काही झालं तरी मागे हटणार नाही, असं म्हणाला होता. तो व्हिडिओ आसपासच्या दहा गावांत गेला होता.

"मीच म्हनलं, माहं नाव सांगू नका," अमरदीप म्हणाला. "अन् आता समदे त्याईले शिव्या देऊन राह्यले अन् मह्या पाठीवर थाप मारून राह्यले."

स्नेहा घरी न जाता थेट शेतात गेली. देवमन गव्हाला पाणी देत होता. धामणदरीच्या पाण्याच्या तीन दिवसांपैकी तो दुसरा दिवस होता.

"बाबा, हे तुमी सभेत सांगत काहून नाई?"

त्याने आधी फावड्याने वाफ्याचं तोंड बंद केलं, मग तो बांधावर आला. कोणाकडून कळलं, हे त्याने विचारलं नाही.

"सांगतलं तं काय होईन? लोक पोराले भेकड म्हनतीन. दोन दिवस डोक्यावर घेतलं, तिसऱ्या दिवशी आपटतीन. बावीस वर्साचा हाय तो."

"अन् तुमाले?"

"मले म्हनतीन, भाच्याच्या नोकरीसाठी गाव इकलं." त्याने फावड्याची माती पायाने काढली. "अन् स्नेहा, ते पुरतं खोटंबी नाई. सही करताना मोटारी डोयापुढं होत्या, हा गहू होता, ओट्यावर बसेल बाया होत्या. पन त्याचंबी नाव होतं. कशाचं किती, ते मले सांगता येत नाई. तुह्या शास्त्रात येत असंन मोजता."

येत नव्हतं. स्नेहा बांधावर बसली. मग तिने त्याला ॲडम्सबद्दल सांगितलं, जे अडीचशे शब्दांत मावलं नव्हतं. फ्रान्सला पुन्हा वकील पाठवताना त्यांनी आपल्याच मंत्र्यांना विचारलं नाही. देशाला लढाई हवी होती, पक्षाला हवी होती. तहामुळे पक्ष फुटला, आणि ते निवडणूक हरले. तह झाल्याची बातमी समुद्र ओलांडून आली तोपर्यंत वेळ निघून गेली होती. म्हातारपणी त्यांनी एका मित्राला लिहिलं होतं की माझ्या थडग्यावर दुसरं काही नको. फ्रान्सशी तह करायची जबाबदारी याने स्वतःवर घेतली, एवढंच कोरा.

"त्यानं लोकाईले समजून सांगतलं का, काहून केलं ते?"

"खूप सांगितलं. पद गेल्यावर वर्षानुवर्षं वर्तमानपत्रात पत्रं लिहिली."

"मंग मी त्याच्याहून बरा," देवमन म्हणाला आणि कित्येक दिवसांनी हसला. मग उठताना म्हणाला, "तुले सभेत बोलाचं असंन तं पान्याचं बोल. त्याच्या हाताचं बोलू नको. मी त्याले शबद देल्ला."

सभेच्या दिवशी सकाळी दुर्गाबाई नवं लुगडं नेसून तयार झाली. ती नवऱ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "मी तुमच्या इरोधात टाकनार हाय. लपून नाई, सांगून टाकनार हाय."

"टाक," देवमन म्हणाला. "पन चष्मा घेऊन जा. मांगच्या बारीले बाद झालं होतं तुह्यं."

तिने रागाने त्याच्याकडे पाहिलं, आणि चष्मा घेतला.

शाळेच्या मैदानात पंचायत समितीचा अधिकारी टेबल लावून बसला होता. बाया एका बाजूला, माणसं दुसऱ्या. उकंडराव बोलला, हरीओम बोलला. देवमन बोलायला उभा राहिला तेव्हा कागदात काय आहे तेवढं त्याने वाचून दाखवलं आणि खाली बसला.

मग स्नेहा उठली. आजवर एवढ्या माणसांपुढे ती बोलली नव्हती. तलावाची पातळी मोटारी गेल्या त्या दिवशी किती होती आणि आज किती आहे, हे तिने सांगितलं. भांडण चालू राहिलं असतं तर मोटारींना मिळालेले दिवस शून्य, आता आठवड्याला तीन. या हिशेबाने गव्हाला शेवटची दोन पाणी नक्की मिळतात, हेही सांगितलं. लोक ऐकत होते. एकदोन माना हलल्यासुद्धा.

हरीओम मागून उठला. त्याचा आवाज चढलेला नव्हता. "हे समदं बरोबर हाय, स्नेहाताई. पन अमरदीपचा हात? त्याचा कोन देईन जबाब?"

सगळ्यांनी अमरदीपकडे पाहिलं. तो कडुनिंबाच्या बुंध्याशी उकिडवा बसला होता आणि मातीकडे बघत होता. बायांच्या रांगेतून दुर्गाबाई लेकीकडे बघत होती. एक वाक्य पुरेसं होतं. तेवढ्याने वडिलांचं पद कदाचित वाचलं असतं, आणि आईचं मत तर नक्कीच फिरलं असतं. तिला ते वाक्य शब्दाशब्दाने तयार दिसत होतं. देवमन तिच्याकडे पाहत नव्हता.

"त्याचं उत्तर माह्यापाशी नाई," ती म्हणाली.

समजून उमजून ती एवढ्या लोकांपुढे खोटं बोलली होती.  ती खाली बसली.

चारशे बारा जणांनी मतदान केलं. देवमनला काढावं असं दोनशे एकवीस जणांना वाटलं, ठेवावं असं एकशे चौऱ्याऐंशी जणांना. सात मतं बाद झाली. अधिकाऱ्याने आकडे दोनदा वाचले. देवमनने शिक्का आणि कपाटाच्या किल्ल्या तिथेच टेबलावर ठेवल्या, रजिस्टरवर सही केली, आणि तो दुर्गाबाई बायांमधून बाहेर यायची वाट बघत फाटकाशी उभा राहिला. दोघं घरी गेली. स्नेहा मागून चालत होती.

अमरदीप त्यांच्या आधीच येऊन ओट्यावर बसला होता. दुर्गाबाईने कुलूप काढायच्या आतच तो बोलायला लागला, आणि सगळं बोलून मोकळा झाला. शेतातलं विचारणं, भरती, व्हिडिओ. बोलून झाल्यावर तो रडला. दुर्गाबाई किल्ली हातात घेऊन तशीच उभी होती. तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला, पण बघत होती ती नवऱ्याकडे.

"मले तरी सांगाचं होतं."

"तुले सांगतलं असतं तं तू चुप राह्यली असतीस?"

तिने खरोखर विचार केला. "नाई," ती म्हणाली, आणि दार उघडलं.

आठवड्याने विजेचं वेळापत्रक बदललं. धामणदरीच्या तीन दिवसांत आता वीज जेमतेम चार तास येणार होती, कवठाळीच्या दिवसांत आठ. पाळीचे दिवस बदलून घेतल्याशिवाय गव्हाचं शेवटचं पाणी होणार नव्हतं. सकाळी उकंडराव आला. सरपंचपदाचा कारभार आता त्याच्याकडे होता. या वेळी तो दारात थांबला नाही, अंगणात येऊन खाटेच्या कडेवर बसला. बराच वेळ गव्हाच्या ओंब्यांबद्दल बोलला. मग म्हणाला, "देवमनभाऊ, कवठाळीले जा लागते. तुमी चाला संग."

देवमन विळ्याला धार लावत होता. "मी नाई येत."

"राग धरला का?"

"नाई. मी आलो तं ते मह्याशीच बोलतीन. करार माहाच राहीन, अन् मी तं आता कोनी नाई. तुमी एकटे जा. तुमच्याशी बोलले म्हंजे तो गावाचा होईन."

 उकंडरावाला ते बाक आठवत असणार, असं स्नेहाला वाटलं. तिने मोटारींच्या तासांचा कागद करून ठेवला होता. तो तिने आणून त्याच्या हातात दिला. त्याने तो उलटसुलट पाहिला आणि घडी करून खिशात घातला.

"कोनाले भेटू पह्यले?"

"पंचायतीत जाऊ नका. भाऊसिंगच्या घरी जा. त्याच्या टोकाच्या वावरात पानी पोचत नाई, ते इचारा आदी. आपलं मांगून."

उकंडराव उठला. त्याची मोटरसायकल दोनदा बंद पडून सुरू झाली, आणि वेशीपाशी कवठाळीच्या रस्त्याला वळली. देवमनने मान वर करून पाहिलं नाही. विळ्याची धार तो अंगठ्याने तपासत होता.

आतून दुर्गाबाईने विचारलं, "कोन आलं होतं?"

"सरपंच," देवमन म्हणाला.